किती पेशी पाहिल्या?

टाटा हॉस्पिटल म्हणजे काय, हे महागाव तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. ‘त्यायले टाटाले नेलं’ एवढं कानावर आलं की पारावरची माणसं पुढचं विचारत नाहीत. महागावाहून यवतमाळ, तिथून वर्धा, वर्ध्याहून विदर्भ नाहीतर सेवाग्राम एक्सप्रेस, दादरला उतरून गाडगे महाराजांची धर्मशाळा, आणि दिवस उजाडला की परळ. हा रस्ता इथल्या कितीतरी घरांनी तुडवला आहे. पण हे रुग्णालय ज्या दुखण्याच्या आठवणीतून उभं राहिलं ते दुखणं ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होतं, ही गोष्ट त्या रस्त्यानं जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

लेडी मेहरबाई टाटा, म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी, 18 जून 1931 रोजी वेल्समध्ये ल्युकेमियानं वारल्या. घरात पैशाला तोटा नव्हता आणि युरोपातले नामांकित डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. तरी त्या काळी या रोगावर क्ष-किरण आणि सोमलाचे थेंब यांपलीकडे कुणापाशी काही नव्हतं. दोराबजींनी 1932 साली पत्नीच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास केला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या मागं त्यांच्या न्यासानं 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल उघडलं. पुढं 1962 मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडं आलं तेव्हा त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, मेहरबाईंचे सख्खे भाचे.

मी पॅथॉलॉजीची तंत्रज्ञ. डीएमएलटी करून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लागले आणि उभी हयात तिथंच काढली. स्लाइड मारणं, लेशमननं रंगवणं, तेलाचा थेंब टाकून पेशी मोजणं, हाच माझा धंदा. आता महागावी राहते आणि लोक फायली घेऊन माझ्याकडं येतात. त्या फायलींमध्ये अलीकडं एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. उपचार झाले, काउंट सुधारले, डॉक्टर म्हणाले साफ आहे. तरी हाडातलं पाणी परत कशाला काढायचं? माझ्या धंद्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची खटपट आहे, आणि तो इतिहास मला एका विरळ ल्युकेमियाच्या अंगानं सांगायचा आहे. कारण त्या एका रोगात ही खटपट जितकी स्वच्छ दिसते तितकी इतर कुठं दिसत नाही.

पण सुरुवात मुंबईच्या गिरणगावापासून करावी लागेल. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त भयंकर कमी व्हायचं, त्याचं कारण शोधायला. परळच्या हाफकिन संस्थेत बसून तिनं त्या बायकांचा आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले, आणि 1931 मध्ये छापून सांगितलं की यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे ज्यानं हे रक्त भरून येतं. तेच पुढं फोलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आज आपली आशाताई गरोदर बाईच्या हातात ज्या गोळ्या ठेवते त्यांचं मूळ परळच्या चाळींत आहे. अमेरिकेत सिडनी फार्बरच्या ध्यानात आलं की ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिड दिलं तर रोग उलट फोफावतो. मग त्याच्या विरुद्ध काम करणारं औषध दिलं तर? ते औषध, अमिनोप्टेरिन, बनवलं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं. 1948 मध्ये फार्बरनं 16 मुलांचा अहवाल दिला. त्यांतल्या 10 जणांचा रोग ओसरला होता. मुलांचा ल्युकेमिया औषधानं माघार घेतो, हे जगानं पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

आणि काही महिन्यांत तो परत येतो, हेही तेव्हाच पाहिलं. मुलं खेळू लागली होती, गाठी बसल्या होत्या, स्लाइडवर खराब पेशी दिसत नव्हत्या, तरी रोग परतला. 1964 मध्ये अलाबामातल्या हॉवर्ड स्किपरनं उंदरांवर दाखवून दिलं की ल्युकेमियाची एक पेशी जरी आत राहिली तरी उंदीर मरायला ती पुरते. त्याचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. औषधाचा प्रत्येक डोस ठरावीक आकडा मारत नाही, ठरावीक हिस्सा मारतो. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव मेल्या तरी हजारावा हिस्सा उरतोच, आणि सुरुवातीला अब्जावधी असतील तर तो हजारावा हिस्साही लाखांनी भरतो.

आमच्या भागात हे समजावून सांगायला मला फरदडीचा दाखला पुरतो. वेचणी आटोपली, पराटी वाळली, शेत मेल्यासारखं दिसतं. पण चार बोंडं जास्त मिळतील म्हणून पराटी उभी ठेवली की गुलाबी बोंडअळी वाळक्या बोंडांत निजून राहते आणि पुढच्या हंगामात सगळ्या शिवाराचा हिशेब चुकता करते. शेत रिकामं दिसणं आणि अळी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या शेतकऱ्याला दोनदा सांगावं लागत नाही.

आता त्या विरळ रोगाकडं येते. हेअरी सेल ल्युकेमिया. सगळ्या ल्युकेमियांत मिळून याचा वाटा जेमतेम दोन टक्के. बायकांपेक्षा पुरुषांत साधारण चौपट, आणि बहुधा पन्नाशीच्या आसपास. इतर ल्युकेमियांत पांढऱ्या पेशी वाढतात. यात बहुतेकदा उलट, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच घसरतं आणि पानथरी वाढते. विदर्भात पानथरी वाढलेला माणूस आला की आधी हिवताप, मग सिकलसेल, मग काविळीचं काही, असा क्रम डोक्यात येतो. हा रोग त्या यादीत फार खाली असतो आणि तिथंच वर्ष-दोन वर्षं निघून जातात.

1958 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात बर्था बूरोंक्ल यांनी 26 रुग्णांची बारकाईनं नोंद करून हा वेगळा रोग आहे हे मांडलं. त्या मूळच्या पेरू देशातल्या. वैद्यकीय शिक्षण लिमाला, आणि नंतरचं सगळं आयुष्य ओहायोत. माझ्यासारख्या बाईला त्यांच्याविषयी वेगळी आपुलकी वाटते. त्या काळात परक्या देशात जाऊन स्लाइडवर इतका वेळ डोळा ठेवणं आणि ‘हा सगळ्यांसारखा नाही’ असं ठामपणे लिहिणं ही छोटी गोष्ट नव्हे. पेशीच्या कडेला बारीक केसांसारखे तंतू दिसतात ही खूण 1966 मध्ये श्रेक आणि डोनेली यांनी फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली टिपली, आणि त्यावरून रोगाला हे नाव पडलं.

ते केस दिसणं मात्र सोपं नाही. स्लाइड जाड मारली तर दिसत नाहीत, रंग जुना असला तर दिसत नाहीत, आणि रक्तात पेशीच इतक्या कमी की शोधता शोधता डोळे भरून येतात. अशा वेळी आम्ही बफी कोट करायचो. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त फिरवलं की लाल थराच्या वर पांढुरक्या पापुद्र्याचा एक थर बसतो. तो पिपेटनं अलगद उचलायचा आणि त्याची स्लाइड मारायची. सगळ्या पांढऱ्या पेशी तिथं एकत्र सापडतात.

बोन मॅरोचं, म्हणजे हाडातल्या पाण्याचं, तर आणखी अवघड. कमरेच्या हाडात सुई गेली, सिरिंजचा दट्ट्या मागं ओढला, आणि काहीच आलं नाही. याला आम्ही ड्राय टॅप म्हणतो. या रोगात पेशींभोवती रेटिक्युलिन नावाच्या तंतूंचं जाळं विणलं जातं आणि त्या जाळ्यातून पेशी सुटून येत नाहीत. डॉक्टर घामाघूम, रुग्ण दातओठ खाऊन पडलेला, आणि मी हातात काचा घेऊन उभी. मग हाडाचा बारीक तुकडाच काढावा लागतो, बायोप्सी. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकायच्या आधी काचेवर हलक्या हातानं टेकवत न्यायचा. जिथं टेकेल तिथं थोड्या पेशी चिकटतात. या इम्प्रिंटवर कितीतरी निदानं झाली आहेत. तुकडा घाईनं फॉर्मालिनमध्ये गेला की ती संधी गेली.

1971 मध्ये या रोगासाठी एक खास रंगक्रिया निघाली. लुंग याम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशींत ॲसिड फॉस्फेटेजचा एक प्रकार असतो जो टार्टरिक आम्लानं दबत नाही. टार्टरिक आम्ल म्हणजे चिंचेतलं आम्ल. दोन स्लाइड घ्यायच्या, एकीच्या द्रावणात हे आम्ल घालायचं, दुसरीच्या नाही. दोन्ही 37 अंशांवर ठेवायच्या. साध्या पेशींचा लाल रंग आम्लाच्या स्लाइडवर उडून जातो, या पेशींचा टिकतो. ट्रॅप म्हणून ही क्रिया ओळखली जाते. ज्या रात्री ती पहिल्यांदा नीट जमली आणि फिकट निळ्या काचेवर लालभडक कणांनी भरलेली एक पेशी समोर आली, ती रात्र मी विसरलेले नाही. निदानासाठी ही क्रिया उत्तम. उरलेला रोग शोधायला ती अपुरी, कारण हजारात एखादी लाल पेशी शोधणं माणसाच्या डोळ्याच्या ताकदीबाहेरचं आहे.

नियमाप्रमाणे बोन मॅरोच्या स्लाइडवर आम्ही पाचशे पेशी मोजतो. पाचशे पेशी नीट मोजायला मान अवघडते. पण रोगाची पेशी दहा हजारांत एक असेल तर पाचशे मोजून ती सापडण्याची शक्यता किती, हे सातवीतलं पोर सांगेल. तरी तेवढ्यावर आम्ही ‘साफ’ लिहीत होतो, जगभर लिहीत होते, कारण दुसरं साधन नव्हतं.

त्या काळात उरलेल्या रोगाची चर्चाही फारशी नसायची, कारण या ल्युकेमियात रोग मुळात जातच नव्हता. 1984 पर्यंत मुख्य उपचार म्हणजे पानथरी काढून टाकणं. काउंट सुधारायचे, हाडातला रोग जागच्या जागी राहायचा, आणि साधारण चार वर्षांत माणूस जायचा. 1984 मध्ये ह्यूस्टनच्या केसादा यांनी सात रुग्णांना इंटरफेरॉन दिलं आणि सातही जणांत फरक पडला. पण इंजेक्शन थांबवलं की रोग पुन्हा वर.

खरी कलाटणी आली ती एका वेगळ्याच दुखण्यातून. 1972 मध्ये सिएटलच्या एलोइज गिब्लेट यांना अशी मुलं आढळली ज्यांच्यात जन्मतःच अडेनोसीन डिअमिनेज हे एंझाइम नव्हतं आणि संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी जवळपास नव्हत्याच. त्या मुलांच्या शरीरात एक पदार्थ साचून लिम्फोसाइटना मारत होता. कॅलिफोर्नियातल्या डेनिस कार्सननं यावरून उलटा विचार केला: बिघडलेल्या लिम्फोसाइटना हाच पदार्थ मुद्दाम दिला तर? त्यातून क्लॅड्रिबिन निघालं. 1990 मध्ये पिरो, कार्सन आणि बॉयटलर यांनी 12 रुग्णांचा अहवाल दिला. सात दिवस सलग सलाइनमधून औषध, एकदाच. 11 जणांचा रोग पूर्ण ओसरला, बाराव्याचा अर्धामुर्धा. ज्या रोगात चार वर्षं मिळायची त्यात एका आठवड्याच्या औषधानं माणूस कामाला लागला. वैद्यकाच्या इतिहासात असे आठवडे फार थोडे आहेत.

आणि मग, स्लाइड साफ झाल्यावरच, उरलेल्या रोगाचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला.

1993 पासून शिकागोच्या मार्टिन टॉलमन आणि लोएन पीटरसन यांच्या गटानं, साफ ठरवलेल्या बायोप्सी पुन्हा बाहेर काढल्या आणि त्यांवर प्रतिपिंडांचे रंग चढवले. सीडी 20 आणि डीबीए 44 ही त्यांची नावं. रंगवलेल्या काचेवर रोगाची पेशी तपकिरी होऊन उठते. साध्या रंगात जिथं काही नव्हतं, तिथं पुष्कळ बायोप्सींत तपकिरी पेशी विखुरलेल्या निघाल्या. 1996 मध्ये त्याच गटानं लिहिलं की ज्यांच्या हाडात अशा पेशी राहिल्या त्यांच्यात रोग परतण्याचा संभव जास्त दिसतो. म्हणजे काच तीच, तुकडा तोच, फक्त पाहण्याची रीत बदलली आणि ‘साफ’चा अर्थ बदलला.

फ्लो सायटोमेट्रीनं तर मोजणीची चालच पालटली. पेशी एकामागून एक, रांगेनं, लेसरच्या झोतासमोरून जातात. त्यांच्या अंगावर चिकटवलेले चमकणारे रंग यंत्र वाचतं. या रोगात सीडी 11 सी, सीडी 25, सीडी 103, सीडी 123 हे चौघं एकत्र दिसले की ओळख पटते. पाचशेच्या जागी आता लाखांनी पेशी मोजल्या जाऊ लागल्या आणि दहा हजारांतली एक हाती लागू लागली. 2011 मध्ये इटलीतल्या पेरूजाच्या तिआच्ची आणि फालिनी यांनी तपासलेल्या 48 च्या 48 रुग्णांत बीआरएएफ जनुकातला एकच बदल दाखवला, आणि रोगाची सही डीएनएवर वाचता येऊ लागली.

इथं माझ्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती कुठल्याच रिपोर्टात छापून येत नाही. यंत्र कितीही भारी असो, त्याला मिळतं ते सुईतून आलेलंच. सिरिंजमध्ये पहिल्या ओढ्यात जे येतं तो खरा मॅरो. दुसऱ्या-तिसऱ्या ओढ्यात रक्त मिसळत जातं आणि उरलेल्या रोगाचा आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणून पहिला ओढा या तपासणीला द्यायचा असतो. वॉर्डात घाई असली की तो पहिल्यांदा स्लाइडला जातो, मग दुसऱ्या नळीत, आणि फ्लोला शेवटचा येतो. तसंच हाडाचा तुकडा कापण्याजोगा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए खराब होतो आणि बीआरएएफची तपासणी ‘नाही’ म्हणते. ते ‘नाही’ रोगाचं नसतं, आम्लाचं असतं.

महाराष्ट्रात पेशी पाहण्याची ही परंपरा वसंत रामजी खानोलकरांपासून चालत आली. आपल्याकडच्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा हा माणूस टाटा मेमोरियल उघडलं तेव्हाच तिथल्या प्रयोगशाळांचा प्रमुख झाला, आणि 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचा पहिला संचालक. तीच संस्था वाढत 2002 मध्ये खारघरला गेली आणि ॲक्ट्रेक झाली. तिथं आणि परळला डॉ. सुमीत गुजराल, डॉ. पी. जी. सुब्रमणियन, डॉ. प्रशांत टेंभरे, डॉ. निखिल पाटकर यांनी उरलेला रोग मोजण्याचं जे काम उभं केलं ते मुख्यतः मुलांच्या ल्युकेमियाचं आणि मायलोमाचं. पण त्या कौशल्याच्या पाठीवरच विरळ रोगांचे नमुनेही वाचले जातात. विदर्भातून गेलेली नळी कुरिअरच्या डब्यातून तिथं दुसऱ्या दिवशी पोचते. पोचायला हवी, कारण पेशी जिवंत असतात आणि दोन दिवसांपलीकडं त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आमच्या तालुक्यातले एक काकाजी, साठीतले, कापूस-तुरीचे शेतकरी, याच दुखण्यातून गेले. क्लॅड्रिबिन झालं, हिमोग्लोबिन वर आलं, पानथरी बसली. या औषधानंतर मॅरो लगेच तपासत नाहीत; चार ते सहा महिने थांबतात, कारण पेशी हळूहळू मरत राहतात. त्याप्रमाणे सहा महिन्यांनी तपासलं. साध्या रंगात साफ. प्रतिपिंडांच्या रंगात मात्र थोड्या पेशी विखुरलेल्या. डॉक्टर म्हणाले, आता औषध नाही, नजर ठेवू. काकाजींचा जीव खाली-वर होऊ लागला. “पोरी, अळी दिसली तरी फवारू नका म्हन्तेत हे. असं असते का कुठं?”

त्यांना मी 2010 चा एक अभ्यास समजावून सांगितला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या सिगल आणि सेव्हन यांनी क्लॅड्रिबिनच्या एकाच कोर्सनंतर वर्षानुवर्षं ठणठणीत असलेले 19 रुग्ण परत बोलावले. औषध होऊन सरासरी 16 वर्षं लोटली होती. त्यांचे मॅरो तपासले. नऊ जणांत काहीही नव्हतं. सात जणांत बारीक उरलेला रोग होता. आणि तिघांत तर साध्या रंगातही रोग दिसत होता. तरी रक्त ठीक, माणसं कामावर. म्हणजे उरलेली पेशी सापडणं म्हणजे उद्या आजारी पडणं नव्हे. काही शरीरं तिच्यासोबत वर्षं काढतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत चिहारा आणि क्राइटमन यांनी 68 रुग्णांवर तुलना केली. क्लॅड्रिबिनसोबत लगेच रितुक्सिमॅब हे प्रतिपिंडाचं औषध दिलेल्यांत सहा महिन्यांनी 97 टक्के लोकांत उरलेला रोग सापडला नाही. नुसत्या क्लॅड्रिबिनवर असलेल्यांत हा आकडा 24 टक्के होता. हे 2020 मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षी इटलीच्या गटानं, ज्यांचा रोग परतला होता अशा 30 जणांना केमोशिवाय, बीआरएएफ रोखणारी गोळी आणि रितुक्सिमॅब देऊन 26 जणांत रोग पूर्ण ओसरवला, आणि त्यांतल्या 17 जणांत उरलेलाही सापडला नाही. आपल्याकडं 2007 मध्ये डॉ. रेड्डीजनं रितुक्सिमॅबचं भारतीय रूप आणल्यापासून हे औषध आटोक्यात आलं आहे. तेव्हा जोडीनं द्यायचं की नाही, हा आता परदेशातल्या पुस्तकातला प्रश्न राहिलेला नाही. माझं मत विचाराल तर तरुण रुग्ण असेल आणि संसर्गाची भीती नसेल तर पहिल्या वेळीच हा विषय डॉक्टरांशी मोकळेपणानं काढावा. काकाजींच्या वयात, त्यांचं रक्त इतकं छान असताना, थांबण्याचा सल्ला मला पटला आणि तसं मी त्यांना म्हटलं.

त्यांच्या मुलानं विचारलं, “आत्या, हे फवारणीनं झालं का?” यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न वाऱ्यावर सोडता येत नाही, 2017 च्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली ती आमच्या आसपासची होती. शेती आणि कीटकनाशकांशी या ल्युकेमियाचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, आणि व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंजच्या संपर्कात आलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी तिथल्या सरकारनं 2010 मध्ये हा रोग भरपाईच्या यादीत घातला. एका माणसाच्या बाबतीत कारण अमुकच, असं मात्र कुठलीही स्लाइड सांगत नाही. मास्क आणि हातमोजे घाल, पाठीवरचा पंप गळत असेल तर बदल, एवढं त्याला बजावलं.

उरलेल्या रोगाच्या रिपोर्टाबद्दल मात्र मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायला सांगते, आणि ती सांगताना माझा आवाज चढतो याची मला लाज नाही. ‘साफ’ असं लिहिलं असेल तर कशानं पाहिलं आणि किती पेशी पाहिल्या, हे रिपोर्टात हवं. पाचशे पेशी पाहून साफ आणि दहा लाख पाहून साफ हे एका शब्दात मावत नाहीत. पहिला ओढा होता की नाही, ड्राय टॅप होता का, बायोप्सीवर कोणते प्रतिपिंड लावले, हेही हवं. चांगल्या प्रयोगशाळा हे लिहितात. न लिहिणाऱ्यांना विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, मग फाइल पिवळ्या कार्डाची असो की भरल्या खिशाची.

तालुक्याच्या ठिकाणी यातलं काय होऊ शकतं? मॅरो नाही, फ्लो नाही. पण सीबीसी होतं, आणि या रोगात सीबीसी पुष्कळ बोलतं. एक खूण विशेष. या ल्युकेमियात मोनोसाइट पेशी जवळजवळ नाहीशा होतात. रोग ओसरला की परततात. रोग परतू लागला की हिमोग्लोबिन घसरण्याआधीही त्या घटू शकतात. अडचण अशी की छोट्या गावातली बहुतेक यंत्रं थ्री-पार्ट असतात. ती पांढऱ्या पेशी तीनच गटांत वाटतात आणि मोनोसाइट वेगळ्या दाखवतच नाहीत. मधल्या गटात इतरांबरोबर कोंबतात. मोठी यंत्रंही कधीकधी केसाळ पेशींनाच मोनोसाइट समजून आकडा फुगवतात. म्हणून काकाजींच्या फायलीच्या पहिल्या पानावर मी रकाने आखून दिलेत: तारीख, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, न्यूट्रोफिल, आणि मोनोसाइट, हाताने मोजलेल्या. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, यंत्राची चिठ्ठी घ्यायची, आणि लॅबमधल्या पोराला सांगायचं की स्लाइड मारून शंभराऐवजी दोनशे पेशी मोज. तो कुरकुरला तर माझं नाव सांगायचं.